ढोलकी बॅटरी खाते

माझ्या थोरल्या साडूंइतक्या काटकसरीनं गाणं ऐकणारा माणूस रेल्वेच्या कुठल्याही डब्यात आजवर बसला नसेल. तसे ते कंजूष नाहीत. मलकापुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि घरी आलेल्याला ते नको नको म्हणेपर्यंत वाढतात. पण प्रवासाला निघताना काडेपेटीएवढा तो गाण्यांचा प्लेअर खिशात गेला, की माणूस बदलतो. मोबाईलवर ते गाणी ऐकत नाहीत, कारण त्यांच्या मते "फोन हा बोलाले असते." डब्यातल्या प्लगवर त्यांचा विश्वास नाही, तिथली लाईन एक दिवस प्लेअर जाळणार, याची त्यांना खात्री आहे. पॉवर बँकेचं नाव काढलं, तर म्हणतात, "मंग आपली बॅटरी कायले पाह्यजे?"

थोडक्यात, घरून निघताना भरलेली बॅटरी परत घरी येईपर्यंत पुरवायची, हे त्यांचं व्रत. स्क्रीनचा उजेड कायम बंद. सगळं अंगठ्यानं चाचपून चालायचं. त्यात एकदा नव्या गाण्यांचं अख्खं फोल्डर पुसलं गेलं, तेव्हा ते म्हणाले, "बॅटरी तं वाचली." लागलेलं गाणं बदलायचं नाही, कारण त्यानं यंत्राला मेहनत पडते, म्हणून नावडतं गाणंही ते काढा प्यायल्यासारखं तोंड करून शेवटपर्यंत ऐकतात. उन्हाळ्यात तापू नये म्हणून प्लेअर काकड्यांच्या पिशवीत झोपतो. गाण्यांची निवडही त्याच हिशेबानं. "साडभाऊ, ढोलकी बॅटरी खाते. बासरी नुसती चाटते," असं त्यांनी मला शेगाव ते अकोला समजावून सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून प्रवासात त्यांच्याकडे लावणीला बंदी आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, कधी ऐकायला मागायची. "येताना देतो," हे ठरलेलं उत्तर. येताना ते स्वतः झोपायचे आणि घरी पोचल्यावर अर्धीअधिक उरलेली बॅटरी मला अशा कौतुकानं दाखवायचे, जणू पोराचा निकाल.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला कोलकात्याला गेली. तिला सोडायला ते दोघं निघाले आणि सामान उचलायला मीही. जाताना सगळं हसण्याबोलण्यात गेलं. परतीची गाडी हावड्याहून हलली, तशी ताई खिडकीकडे तोंड करून बसली. रडण्याचा आवाज नव्हता, पण पदर ओला होत होता. साडूंनी पाणी विचारलं. चहा विचारला. दोनदा उठून पंख्याचं बटण खालीवर केलं. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवणारा हा माणूस, पण बायकोशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी खिशात हात घालून म्हणाले, "गानं ऐकतं काय वं?"

"नको. तुमची बॅटरी संपन."

"संपू दे ना."

त्यांनी इअरफोनची दोन्ही टोकं स्वतःच्या हातानं तिच्या कानात घातली, स्क्रीन लावली आणि आवाज वाढवला. समोरच्या बाकावर मला ढोलकी स्पष्ट ऐकू येत होती. तिच्या कपाळावर आठी दिसली, की ते गाणं बदलत. मी भीत भीत म्हटलं, "अहो, बॅटरी..."

"गप बसा ना, साडभाऊ," ते तिच्याकडे बघतच म्हणाले.

नागपूर यायच्या आतच प्लेअर बंद पडला. ताईनं इअरफोन काढले नाहीत, आणि त्यांनीही मागितले नाहीत. ती तशीच, डोकं खिडकीला टेकवून, कधीतरी झोपली. साडू तिला ऊन लागू नये म्हणून पडदा धरून बसले. अकोला गेलं, शेगाव गेलं, बाहेर कपाशीची शेतं मागे पडत राहिली. मलकापूरला गाडी थांबल्यावर मी बॅगा घेऊन दाराशी आलो. ते माझ्या मागे उभे होते. ताईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "साडभाऊ, पोरीले आतापरेंत जेवाले भेटलं असन ना?"