हळद, कावीळ आणि गव्हाळ

हिंगणघाटात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की दुकानात दोन गोष्टी साचून राहतात. एक म्हणजे कोणी न्यायला न आलेल्या फ्रेमा, आणि दुसरी म्हणजे किस्से. फ्रेमांवरची धूळ निदान फडक्यानं पुसता येते. किस्स्यांचं काय करायचं? सांगून टाकायचे, म्हणजे जरा हलकं वाटतं.

आमचे हे फोटो काढतात. कांचन नावाची मुलगी अल्बम तयार करते. आणि मी काउंटरला बसते, म्हणजे बोलणी खाते. पूर्वी लोक यायचे ते "वहिनी, माझे डोळे मिटले आले" नाहीतर "मामेसासऱ्यांचं डोकंच कापलं" असं सांगत यायचे. त्या तक्रारी बऱ्या होत्या हो! चूक समोर दिसायची, कबूल करता यायची. आता फोटो पेन ड्राइव्हमध्ये जातात आणि लोक ते आपापल्या कॉम्प्युटरवर, आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बघतात. मग रंगावरून फोन सुरू! फोटो आमचा, म्हणून त्यांच्या स्क्रीनवरचा रंगही आमचाच. "तुमच्याकडे कसा दिसतो?" हे विचारण्यात माझं निम्मं आयुष्य चाललंय. थकले मी.

*

कपड्याच्या दुकानवाल्या एका भाऊंचा फोन आला. "वहिनी, फोटो पिवळे आले ना जी!"

"कोणते?"

"हळदीचे."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "भाऊ, हळदीचे फोटो पिवळे नाही येणार तर काय निळे येतील?" आणि फोन ठेवून दिला.

थोड्या वेळानं परत फोन. "वहिनी, रिसेप्शनचेबी पिवळेच हायेत."

"हॉलमधले लाइटच पिवळे असतात हो."

"अन् वरातीतला घोडा?"

"त्याचं काय?"

"घोडा पांढरा होता ना! आमी काय घोड्याले हळद लावलती काय?"

आता त्यांच्या दुकानात जावंच लागलं. गेले. बघते तर घोडा खरंच पिवळाधमक. तेच फोटो मी ब्राउझरमध्ये उघडले, तर घोडा पांढरा! म्हणजे फोटो ठीक होते. त्याचं असं आहे की प्रत्येक स्क्रीनची एक छोटी फाइल असते, तिला कलर प्रोफाइल म्हणतात. या स्क्रीनवर रंग कसे दाखवायचे ते त्या फाइलमध्ये असतं. फोटो बघायचं सॉफ्टवेअर बिचारं त्या फाइलवर डोळे झाकून विश्वास ठेवतं. फाइल बिघडली की पांढऱ्याचं पिवळं. मी सेटिंगमध्ये जाऊन ती फाइल काढली, साधी टाकली. घोडा न्हाऊन आल्यासारखा स्वच्छ झाला.

भाऊ खूश. मग त्यांनी हळदीचे फोटो उघडले आणि त्यांचा चेहराच पडला. "वहिनी, हे तं फिक्कं झालं! हळद लावली का बेसन?"

मी म्हटलं, "जेवढी लावली होती तेवढीच आहे."

त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "असं करा ना जी. घोडा पांढराच राहू द्या, अन् नवरी तेवढी पिवळी करून द्या!"

*

एक रिटायर्ड गुरुजी आहेत. त्यांचा फोन रोज दिवे लागायच्या वेळेला यायचा. "ताई, सकाळी फोटो एकदम बरोबर असते. सांज झाली का फोटोले कावीळ होते."

मी त्यांना प्रोफाइल तपासायला लावली, सॉफ्टवेअर बदलायला लावलं, स्क्रीन पुसायलासुद्धा लावली. गुरुजी शिस्तीचे, सांगितलं तेवढं सगळं केलं. सकाळी फोन यायचा, "बरी झाली." संध्याकाळी फोन यायचा, "परत झाली." मला तर पेशंटची खबर घेतल्यासारखं वाटायला लागलं होतं.

शेवटी कळलं, नातवानं त्यांच्या कॉम्प्युटरवर नाइट लाइट लावून ठेवला होता. सूर्य मावळला की स्क्रीन आपोआप पिवळट होते, डोळ्यांना त्रास नको म्हणून. मी तो बंद करायला सांगितला.

गुरुजी म्हणाले, "बंद काऊन करू? नातवानं प्रेमानं लावला हाय. मी फोटोच सकाळी पाहत जाईन."

एवढे दिवस मग मला कशाला फोन करत होता, असं विचारायची फार इच्छा झाली. पण गुरुजी पडले!

*

लोकांचंच काय सांगायचं, आमच्या ह्यांचं ऐका. एका लग्नाचा अल्बम करायचा होता आणि कांचन सुट्टीवर होती. तिला बघायला पाहुणे येणार होते. हे स्वतः कॉम्प्युटरवर बसले. बघतात तर सगळं वऱ्हाड गुलाबी! नवरदेव गुलाबी, भटजी गुलाबी, वाफाळता भातसुद्धा गुलाबी. ह्यांनी कोणालाही न विचारता, एकेक फोटो घेऊन, गुलाबी उतरेपर्यंत त्यात हिरवा रंग वाढवला. दिवसभर मान वर केली नाही. मी चहा नेऊन ठेवला तर म्हणाले, "डिस्टर्ब नको करू, कलर करेक्शन चालू आहे."

प्रिंट आल्या. सगळे हिरवे! नवरदेव तर शेवाळलेल्या दगडासारखा.

दुसऱ्या दिवशी कांचन आली. पाहुण्यांचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, म्हणजे आम्हाला कळलं. तिनं आल्या आल्या टेबल पुसायला घेतलं, स्क्रीनच्या मागे फडकं फिरवलं, आणि ढिली झालेली केबल आत बसली. खट्ट! स्क्रीनवरचा गुलाबी रंग गायब.

हे बघतच राहिले. मग तिच्यावरच खेकसले, "काल काऊन नाई आली तू पुसायले?"

*

नदीपलीकडच्या गावातले एक नानाजी पोळ्याला बैलजोडीचा फोटो काढून घेतात, दरवर्षी. यंदा मी त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवला, तर म्हणाले, "बैल निळे दिसून राह्यले."

मी म्हटलं, पांढरे तर आहेत. त्यांनी मान वाकडी करून पुन्हा बघितलं. "आता पिवळे दिसून राह्यले."

मी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला. मोबाइलवर दाखवला. सगळीकडे तेच, कधी निळे, कधी पिवळे. मी घामाघूम झाले. मग माझं लक्ष गेलं, नानाजी एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो.

"नानाजी, डोळ्याचं काही केलं का?"

"हो ना बाई. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्याचा काढाचा हाय."

म्हणजे काढलेल्या डोळ्याला बैल निळे, आणि मोतीबिंदूवाल्याला पिवळे! मी खुर्चीत बसले. एवढी खटपट त्या बैलांच्या रंगासाठी केली, आणि बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. म्हटलं, "मग कोणत्या रंगाचा छापू?"

नानाजींनी शांतपणे विडीचं बंडल खिशात टाकलं. "घाई नाई. दुसरा डोळा होऊ दे. मंग दोघाईले इचारून सांगतो!"

*

नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून एक भाऊ कायम तयारीत असतात. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आम्ही फोटो बनवून दिला. छपाईसाठी रंगांची फाइल वेगळी असते, ती फक्त प्रेसवाल्यानं उघडायची असते. भाऊंनी ती घरी जुन्या कॉम्प्युटरवर उघडली. त्या सॉफ्टवेअरला छापखान्याचे रंग कळेनात, मग त्यानं मनाला येईल ते दाखवलं.

भाऊ धापा टाकत आले. "वहिनी, माहा पक्षाचा दुपट्टा पाहा! हा कोनता रंग हाय?"

मी समजावलं, छापून बरोबर येईल. ते ऐकेनात. "अहो, कोणी पाह्यलं तं काय म्हनतीन? टिकीट भेटायच्या आधीच पक्ष बदलला ना माहा!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसा हा रंगबी वाईट नाई म्हना. एक कॉपी ठेवजा."

*

आता कांचनचं सांगते. हे सांगताना मी हसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कांचन सावळी आहे. नाकीडोळी तरतरीत, हाताला काम, जिभेवर साखर. पण लग्नाच्या बायोडाटात 'सावळी' लिहायची पद्धत नाही. सावळं असायची परवानगी फक्त देवाला! माणसांनी गव्हाळ लिहायचं. तिच्या बाबांनीही गव्हाळ लिहिलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि बाबा दर नकारागणिक थोडे वाकत चालले होते. ती मात्र रोज वेळेवर यायची आणि दुसऱ्यांच्या लग्नांचे अल्बम लावायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

मग पुलगावचं स्थळ आलं. फोटो आमच्याच स्टुडिओतला, जसा काढला तसा. कांचननं स्वतःच्या फोटोला काही करू दिलं नव्हतं. मुलाच्या काकांनी तो घरच्या लॅपटॉपवर मोठा करून पाहिला आणि निरोप पाठवला, मुलगी पसंत आहे, बघायचा कार्यक्रम फक्त रीत म्हणून. बाबांनी नातेवाइकांना जमल्याचं सांगूनही टाकलं.

पाहुणे आले. कांचन पोहे घेऊन बाहेर आली आणि काका नि मुलगा एकमेकांकडे बघायला लागले. पोहे खाऊन मंडळी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी काका आणि मुलगा लॅपटॉप घेऊन थेट आमच्या दुकानात. सोबत कांचनचे बाबाही, त्यांना फोन करून बोलावून घेतलेलं. कांचन तिच्या टेबलावर काम करत होती. काकांनी काउंटरवर लॅपटॉप उघडला.

"म्याडम, हे पाहा. फोटोत पोरगी किती उजळ हाय! अन् काल पाह्यली तं... फसवलं ना आमाले!"

फोटोत कांचन खरंच दुधासारखी गोरी. मी तोच फोटो आमच्या स्क्रीनवर उघडला. तिथे कांचन कांचनसारखी. मग मला कपड्याच्या दुकानातला घोडा आठवला. सेटिंग उघडली. तेच! यांच्या लॅपटॉपची प्रोफाइल बिघडलेली, फक्त इथे पिवळ्याऐवजी सगळं पांढरं होत होतं. मी ती काढली, साधी टाकली. लॅपटॉपवरची कांचन सावळी झाली.

"हे बघा," मी म्हटलं. "फोटो बरोबर होता. बिघाड तुमच्या लॅपटॉपमध्ये होता."

काकांचा विश्वास बसेना. त्यांनी खात्री करायला दुसरा फोटो उघडला. तो नेमका मुलाचा निघाला, साखरपुड्यात देण्यासाठी काढलेला. मुलगा चांगला दोन हात काळवंडला होता.

"अहो, हे काय केलं!" काका ओरडले. "आमचा पोरगाबी काळा केला!"

मुलगा उभा होता तिथेच, काउंटरला टेकून. आताच्या फोटोत होता अगदी तसाच. पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. तोही मोबाइलमध्ये बघत राहिला.

काकांनी घसा साफ केला. आता चूक आपल्या लॅपटॉपची निघाल्यावर त्यांना जरा नरम व्हावं लागलं. बाबांकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. पोरगी कामाची हाय. रंगाचं आमी चालवून घेऊ."

बाबांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा तसा पाहिला नव्हता. एक 'हो' म्हटलं की झालं होतं. मीसुद्धा मनात म्हटलं, पोरी, गप्प बस, घे पदरात.

कांचन उठून काउंटरपाशी आली. बाबांचे जोडलेले हात तिनं हातात घेऊन हळूच खाली केले. मग माझ्याकडे वळली.

"ताई, त्यायचा लॅपटॉप होता तसाच करून द्या. फोटो घेऊन जातीन ते. मी नाई जात."

बाबा तिच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसले. मला तिचा फार अभिमान वाटला आणि त्यांचं फार वाईट वाटलं. मी सेटिंग उघडली आणि ती बिघडलेली प्रोफाइल परत टाकली.

स्क्रीनवरचा मुलगा पुन्हा गोरा झाला. काकांनी चष्मा वर करून, वाकून नीट बघितलं. समाधानानं मान हलवली.

"हां," म्हणाले, "आता बरोबर हाय!"