पाचवा रकाना

आमच्या फादरना सगळ्यातलं सगळं कळतं. नळावरची रांग असो, दोन भावांमधली भिंत असो, बोलावणं नसलं तरी फादर हजर. विवाहाच्या कायद्यावर तर एका रविवारी त्यांनी पाऊण तास प्रवचन झोडलं. समोरची माणसं एकेक करून पेंगली. मी बाजाची पेटी वाजवतो, त्यामुळे मला तीही सोय नाही.

चर्चमधल्या लग्नांची नोंद फादरच करतात. एक जाड वही, आणि तिची नक्कल नोंदणी कचेरीत. पाचवा रकाना 'स्थिती'. तिथे अविवाहित, विधुर, विधवा असं लिहायचं हे शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या कायदेपंडितांनी अठरा वर्षं तिथे माणसाची खरोखरची स्थिती लिहिली. 'घाबरलेली'. 'सर्दी झालेला'. एका नवरदेवापुढे नुसतं 'घामाघूम'. कचेरीनेही अठरा वर्षं एक ओळ वाचली नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार दोन्हीकडे.

उघडकीला आलं ते शिंपीणबाईंमुळे. अकरा वर्षं विधवा राहिलेल्या या बाईंनी गेल्या वर्षी बॉयलरवरच्या फोरमनशी लग्न केलं. आता त्याची दूर बदली झाली. तिथे कंपनीची खोली जोडप्यालाच मिळते, आणि लग्नाचा दाखला शनिवारपर्यंत हवा. नाहीतर तो तिकडे आणि बाई इकडे. दाखल्यासाठी कारकुनाने नक्कल काढली, तर वधूची स्थिती 'आनंदी'!

"आनंदी म्हणजे काय समजायचं?" तो म्हणाला. "पहिला नवरा हयात आहे की नाही? फादरना बोलवा, वही घेऊन."

फादर तावातावाने निघाले. लग्नाचा साक्षीदार म्हणून मीही गेलो. कारकून जाळीच्या मागे, आणि खिडकी इतकी खाली की फादरना गुडघे दुमडून वाकावं लागलं. जन्मभर चर्चमधल्या जाळीच्या आत बसून लोकांच्या पापांची कबुली ऐकणारा माणूस बाहेरून कसा दिसतो, हे पाहायला मी मुद्दाम बाजूला उभा राहिलो.

"स्थिती म्हणजे मला वाटलं की..."

"वाटलं ते राहू द्या, फादर. चूक झाली असं लेखी द्या आणि वहीत दुरुस्ती करा."

फादरनी लिहून दिलं. स्वतःच एकदा वाचून कागद जाळीखालून आत सरकवला. मला वाटत होती ती गंमत तिथेच संपली.

वही उघडली तशा मागे उभ्या असलेल्या शिंपीणबाई पुढे झाल्या.

"फादर, तो शब्द लिहायलाच हवा का हो?"

"कायदा आहे, बाई."

"अकरा वर्षं सगळ्यांनी मला त्याच शब्दानं ओळखलं. लग्नाच्या दिवशी सही करताना मी हा रकाना वाचला होता. चुकलाय हे तेव्हाच कळलं. मुद्दाम बोलले नाही."

फादरनी सल्ल्यासाठी कारकुनाकडे पाहिलं. अठरा वर्षांत हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

कारकून खाकरला. "खाडाखोड चालणार नाही. एकच बारीक रेघ मारायची. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे."

फादरनी पट्टी लावून रेघ ओढली, वर 'विधवा' लिहिलं आणि समासात सही केली. बाईंनी चष्मा चढवून वही आपल्याकडे वळवली आणि रेघेखाली बोट ठेवलं.

"येतंय वाचता," त्या म्हणाल्या, आणि दाखल्यासाठी हात पुढे केला.