मुकुंदराव जामीन राहतात

मुकुंदराव साबळे यांना मी प्रथम भेटले ती सिंगापुरातल्या त्यांच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला होता, पण कर्जाशिवाय फी भरणे शक्य नव्हते. बँकेला जामीन म्हणून इथला नागरिक हवा होता. बाबा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या परवान्यावर. त्यांची सही चालत नव्हती. कोणीतरी मुकुंदरावांचे नाव सांगितले. जहाजांच्या इंजिनांत आयुष्य काढलेले हे गृहस्थ शिक्षक होऊ पाहणाऱ्या अनोळखी मुलांना जामीन राहतात.

दार त्यांच्या पत्नीने, सुनंदाकाकूंनी, उघडले.

"जामीन हवाय? काय गुन्हा केलास?"

"शिक्षिका व्हायचंय."

"मग शिक्षा मोठीच आहे. बस, चहा टाकते."

मुकुंदरावांनी सगळे कागद वाचले, सही केली आणि मग विचारले, "कशासाठी शिकवायचंय तुला?"

"काका, हे आधी विचारायचं ना!"

"आधी विचारलं असतं तर सहीसाठी उत्तर दिलं असतंस. आता खरं सांग."

मला उत्तर आले नाही. त्यांनी कागद परत मागितले नाहीत.

पहिल्याच सत्रात बुओना व्हिस्टाच्या एका बालवाडीत सराव सुरू झाला. चार वर्षांची मुले माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसत. सोडून द्यावेसे वाटे. पण सोडले तर हप्ते काकांच्या गळ्यात. शेवटी त्यांना फोन केला.

ते म्हणाले, "माझ्या सहीखातर शिकवू नकोस, पोरांना कळतं ते. सोडायचं तर सोड. बँकेचं मी बघतो."

इतके मोठे वाक्य माझ्याशी आजवर कोणी बोललेले नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती मोकळी होऊन. मुलांना हाक मारली नाही. त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, खिडकीकडे तोंड करून. एक मुलगी इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, यू ऑल्सो लुकिंग आह?" तिथून माझे शिकवणे सुरू झाले.

मुकुंदराव आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. वयामुळे बँक त्यांची सही घेत नाही. त्यांच्या सहीवर शिक्षक झालेल्या आम्ही ते काम वाटून घेतले आहे. मलाही आता इथले नागरिकत्व मिळाले आहे. गेल्या महिन्यात मी प्रथमच एका अनोळखी मुलीला जामीन राहिले. पेन कागदावर टेकवून कितीतरी वेळ थांबले. हे त्यांनी वर्षानुवर्षे, चहा निवायच्या आत केले, या विचाराने थक्क झाले. सही केली, 'कशासाठी शिकवायचंय तुला?' हा पुढचा प्रश्न मात्र मला विचारता आला नाही.

तो विचारण्याचा अधिकार कुठून येतो, हे त्यांच्याकडून अजून शिकायचे आहे. मी हळू शिकते. म्हणून मुकुंदरावांना धडधाकट शरीराची, स्वस्थ मनाची पुष्कळ वर्षे लाभोत.