चमचाभर आधी

चहा गाळण्याआधी अंबादासकाका चमचाभर बशीत काढून चाखत, मगच भांडं उचलत. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात त्यांची नोकरी झाली होती. ढिगातला एक नग आधी तपासायचा, मग बाकीचे सोडायचे, ही तिथली रीत स्वयंपाकघरापर्यंत आली होती. शकुकाकू म्हणायच्या, "चहा आहे तो, बॉम्ब नाही."

निवृत्तीनंतर काका कॉम्प्युटर शिकले. मजकुरातलं ठरावीक घडणीचं काही शोधून एका फटक्यात बदलायचे नियम लिहिणं त्यांना फार आवडे. चेरीतालच्या आमच्या गल्लीत कुणाच्या फाइलमध्ये तारखा उलटसुलट पडल्या, की काकांना हाक जाई.

काकू आजारी असताना त्यांच्या मुलीने, प्रणालीने, उशाशी बसून त्यांच्या आठवणी टाइप केल्या. स्वतःचे प्रश्न तिने कंसात घातले होते. काकू गेल्यावर ती फाइल तिने पुण्याहून पाठवली. वर्षश्राद्धाला त्या आठवणींची पुस्तिका वाटायची होती.

"माझे प्रश्न राहू द्या, बाबा."

"काहून? लोकांना तुझ्या आईला ऐकायचं आहे. तुला तर रोजच ऐकून राहिलो."

काकांनी नियम लिहिला: उघडता कंस, मग काहीही, कितीही, मग बंद कंस, एवढं सगळं पुसून टाक. कंसच तर काढायचे, म्हणून त्या दिवशी एका परिच्छेदावर करून पाहिलं नाही. सेव्ह केलं. प्रणालीची मेल आधीच काढून टाकली होती. मग वाचायला बसले.

"लग्न होऊन क्वार्टरमध्ये आले तेव्हा," काकू म्हणत होत्या, आणि लगेच पुढे, "म्हणून मग नागपूरची आठवण काढणं सोडलं." मधलं काहीच नव्हतं. प्रत्येक परिच्छेद तसाच.

त्यांनी फोन लावला. "आईची फाइल तुझ्याजवळ असेल का गं?"

"काय केलं, बाबा?"

त्यांनी सांगितलं. प्रणालीचं कामच हे.

"'कितीही'साठी तारा टाकला ना? तो पहिल्या बंद कंसाशी थांबत नाही, शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळतो. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, मग जवळच थांबतो. आधी एकावर करून नाही पाहिलं?"

"नाही."

"खमरियात असता तर सस्पेंडच झाला असता." मग हळू आवाजात, "आहे माझ्याजवळ. पाठवते."

या वेळी काकांनी आधी प्रत ठेवली आणि नवा नियम एकाच परिच्छेदावर चालवला. फक्त प्रश्न गेले; काकूंचा एक शब्दही हलला नाही. "हो, रडले होते. पण यांच्यासमोर नाही." काकू उत्तर देत होत्या आणि समोर विचारणारं कुणी नव्हतं. मग काकांनी प्रश्न परत आणले. पुस्तिका प्रश्नांसकट छापली.

पुढच्या हिवाळ्यात, एका दुपारी काका जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. त्या सकाळी प्रणाली आलेली होती, म्हणून आम्ही शेजारणीही जमलो होतो. चहा तिने केला. काकांनी बशीतला चमचाभर चाखला.

"चलो, जमला. गाळ सगळ्यांना."