नात्याचा रकाना

वारस दाखल्यासाठी मी कागदांची यादी घेऊन कोल्हापूरच्या कोर्टात गेले होते. रांगेत माझ्यापुढे हुपरीची एक बाई होती, नखांत चांदीची काळी पूड अडकलेली. तारखेला न आल्यामुळे वॉरंटवर धरलेल्या तिच्या कारागिराला ती जामीन राहत होती. नाहीतर तो संध्याकाळी तुरुंगात जाणार होता.

कारकून हसला. “मावशी, परत पळाला तर?”

“पळाला कुठं? पैंजणांची ऑर्डर होती. तारखेला मीच सोडलं न्हाय त्याला.”

“बरं, आरोपीशी नातं?”

“काय न्हाय.”

“रकाना मोकळा चालत नाही.”

“मग लिवा की, हिनंच तारीख चुकवली!” अख्खी रांग वळली.

कारकुनानं ‘मालकीण’ लिहिलं. तिनं ते वाचलं, ठसठशीत सही केली आणि म्हणाली, “मालकीण हाय, म्हणूनच चूक माझी.”

माझं नातं सिद्ध करणारे यादीतले सगळे कागद माझ्याजवळ होते. तिच्यापुढे ते हलके वाटले.