दहा सेंटीमीटर आणि शालिकराम मिस्त्री

हिंगण्याला मिरची-मसाल्याच्या एका कारखान्याची नवी शेड बांधताना खांबांची एक अख्खी ओळ मी दहा सेंटीमीटर आत घेतली. मी तिथला साइट इंजिनिअर, आखणी माझ्याकडे. आमच्या साइटवरच्या टेपचं तोंड तुटलेलं होतं. म्हणून तो शून्याऐवजी दहाच्या आकड्यावर धरायचा आणि शेवटी दहा वाढवून खूण करायची, अशी पद्धत. बेरीज मला पारशिवनीच्या शाळेत नीट शिकवली होती, गुरुजींना बोल लावता येणार नाही. पण त्या दिवशी ऊन होतं, मोबाइल वाजत होता, आणि बारा मीटरची खूण मी बारावरच केली. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत सहा खड्डे खोदले गेले. मंगळवारी दुपारी त्यांत पायाचं काँक्रीटही पडलं. तिकडे वर्कशॉपात छप्पर पेलणाऱ्या, बरोबर बारा मीटरच्या लोखंडी कैच्या तयार होत होत्या.

मी खुशीत होतो. चूक ठाऊक होती ती एकट्या शालिकभाऊंना.

शालिकराम मिस्त्री चोपन्न वर्षांचे, काटक, कोराडीकडे राहणारे. अकरा जणांची टोळी सांभाळतात. न बोलण्याबद्दल त्यांची ख्याती. आमचे ठेकेदार शरच्चंद्रभाऊ त्यांची तारीफ करत ती अशी, "शालिक वाद घालत नाई. नकाशात खिडकी जमिनीत दाखवली त जमिनीत बसवून देते."

त्यांची मोटरसायकल आठवड्यातून दोनदा रुसायची, तेव्हा मी त्यांना माझ्या गाडीवर घ्यायचो. मागे बसून ते रस्त्याकडेच्या घरांचे आकडे सांगत. "हा बंगला दीड इंच झुकला आहे. ते दुकान तीन सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बांधलं नं बाप्पा."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"कोनाले?"

काँक्रीट पडलं की संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ते स्वतःची दोरी ताणून माझी आखणी तपासायचे, हे मला फार नंतर कळलं. तपासायची, दोरी गुंडाळायची आणि घरी जायचं.

आता कराराचं सांगतो. कारखान्याच्या मालकीण चारुलताताईंनी पहिली शेड नेहमीच्या पद्धतीनं बांधून घेतली होती. सगळ्यांत कमी रेट भरणारा ठेकेदार, आणि दुसऱ्या महिन्यापासून पत्रांची लढाई. उशीर तुमच्यामुळे झाला, नाही, तुमच्या नकाशामुळे झाला. "शेडपेक्षा फाइल उंच झाली होती," ताई म्हणायच्या. म्हणून या वेळी त्यांनी सोळा पानांचा इंग्रजी करार आणला. मालकीण, ठेकेदार, डिझाइनर मिनल मॅडम आणि मिस्त्री, अशा चौघांच्या सह्या एकाच कागदावर. बचत झाली तर चौघांत, खर्च वाढला तरी चौघांत. एकमेकांना नोटीस द्यायची नाही. दर शुक्रवारी एका टेबलाशी बसायचं. आणि चौदावं कलम असं, की चूक दिसली तर दोन दिवसांत सांगायची. ती कोणाची हे विचारायचं नाही, भरपाई सगळे मिळून करणार. माहीत असून लपवली, तर लपवणाऱ्यानं एकट्यानं भरायची.

करारावर मिस्त्रीची सही असते, हे शालिकभाऊंनी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांचा रेट तोंडी ठरायचा, शिव्याही तोंडीच मिळायच्या. तीन दुपारी डबा खाता खाता मी त्यांना तो करार मराठीत समजावला.

"अन् चूक झाली त कोनाच्या नावावर?"

"कोणाच्याच नाही."

"मंग जाते कोठी ते?"

"काय?"

"चूक. कोनाच्या त बोडख्यावर जाईनच नं."

मी चौदावं कलम पुन्हा सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हैस विकायला आणलीय आणि तिचे दात दाखवत नाहीय, अशी ती नजर.

त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी कोराडीकडच्या एका कामावर गच्चीचा उतार उलटा चाललाय, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. त्या ठेकेदारानं मालकाला पत्र लिहिलं, की मिस्त्रीनंच उतार उलटा काढला. शालिकभाऊंना कामावरून काढलं, टोळी फुटली, दोन वर्षं त्या बाजूला त्यांना कोणी बोलावलं नाही. "सांगनाऱ्याचंच नाव कागदावर येते," एवढंच ते म्हणाले आणि डबा बंद केला.

तर तो शुक्रवार. शनिवारी सकाळी त्या सहा पायांवर, खांब ज्यांवर उभे राहतात त्या काँक्रीटच्या बैठका ओतायच्या होत्या, बोल्टसकट. एकदा ओतल्या की ओळ हलत नाही, फोडावी लागते. आम्ही टिनाच्या खोलीत बसलो होतो. चहा झाला. शालिकभाऊ म्हणाले, "सुशील साहेब, ते चौदा नंबरचं एक खेप वाचा नं."

मी वाचलं. आवाज चढवून, हातवारे करून, मराठी अर्थासकट वाचलं. माझीच वरात निघायची होती आणि बँड मीच वाजवत होतो.

"मंग लिवा," ते म्हणाले. "पूर्वेची ओळ दहा सेंटीमीटर आत आहे. कैच्या बसत नाई."

शरच्चंद्रभाऊंच्या तोंडून सवयीनं निघालं, "कोनं आखली?"

"ते विचाराचं नाई म्हनते नं कागदात."

मिनल मॅडम निमूटपणे वहीत आकृती काढू लागल्या.

"तुले कवा समजलं गा शालिक?" शरच्चंद्रभाऊंनी विचारलं.

"मंगळवारी संध्याकाळी."

"अन् आज शुक्रवार! दोन दिवसाचं कलम तूच आत्ता वाचून घेतलं."

"म्हनूनच घेतलं. माह्यावर येते, मले मालूम आहे. बुधवारी सांगतो म्हटलं, तोंडच नाई उघडलं. कालबी नाई." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पन उद्या ओतलं असतं त सहाच्या सहा फोडा लागते. माह्यं काय कापाचं ते कापा. टोळी तेवढी कामावर राहू द्या."

आता गंमत पाहा. कागदाप्रमाणे चूक करणारा मी मोकळा, आणि सांगणारा अडकला. मला कोणी काही विचारत नव्हतं. विचारायला बंदीच होती. मी चहाचा रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणालो, "टेप मी धरला होता. दहा वाढवायचे राहिले."

मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे वळतील.

"मालूम आहे," शरच्चंद्रभाऊ म्हणाले. "आखनी तू नाई त काय मी करतो?"

मिनल मॅडमनी वही फिरवून दाखवली. पाया पुरेसा रुंद आहे, बैठक दहा सेंटीमीटर बाहेर सरकवता येईल, भोकं पाडून नव्या सळ्या बसवाव्या लागतील, तीन दिवस जातील. एवढ्यावर निभावलं. राहिला चौदाव्या कलमाचा प्रश्न. शरच्चंद्रभाऊंचं म्हणणं, कलम म्हणजे कलम. चारुलताताईंनी शुक्रवारच्या नोंदींचं रजिस्टर पुढं ओढलं.

"शालिकभाऊ, बुधवारी तोंड का उघडलं नाही? मला लिहायचंय. कापायला नाही, समजायला."

त्यांनी माझ्यापुढचा करार उलटून पाहिला. मग म्हणाले, "साहेब वाचून दाखवते तवा सारं बरोबर वाटते. घरी गेलो का वाटते, यानं आपल्या मनचं त नाई सांगतलं? मले मराठी वाचता येते, बाई. इंग्रजी येत नाई."

शरच्चंद्रभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"ज्याला वाचताच येत नाही अशा कागदावर आपण यांची सही घेतली," ताई म्हणाल्या, "ही माझी चूक, आणि ती मला आज दिसली. म्हणजे दोन दिवसांच्या आत आहे." त्यांनी रजिस्टरात ती आधी लिहिली, मग ओळीची. शालिकभाऊंचा उशीर तिच्यातूनच आला, म्हणून खर्च चौघांत. टोळी कामावर. शरच्चंद्रभाऊंनी सही केली, पण पेन जरा जोरात ठेवला. मग ताई माझ्याकडे वळल्या. "सुशील, सोळाच्या सोळा पानं मराठीत. सोमवारपर्यंत."

त्याला आता तीन आठवडे झाले. बैठका ओतून झाल्या, कैच्या चढल्या. माझी अकरा पानं झालीत. ती शालिकभाऊंच्या शर्टाच्या खिशात असतात. दुपारी ते ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि टोळीतल्या दोघा-तिघांना ऐकवतात. काल जेवण सोडून माझ्यापर्यंत चालत आले.

"साहेब, सातव्या पानावर तीन नंबरनंतर एकदम पाच आलं. चार कोठी गेलं?"

मी पाहिलं. खरंच सुटलं होतं.

"आत्ताच दिसलं, आत्ताच सांगून राहिलो," ते म्हणाले आणि परत जेवायला गेले.

चार नंबर अजून लिहिलेला नाही. पुढची पाच पानंही बाकी आहेत.