पत्रिकेवरच्या दोन तलवारी

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर गणपतीच्या खाली, कळसाच्या जागी, एक ढाल आणि एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन तलवारी होत्या. गोंडपिपरीच्या छापखानेवाल्यानं बाबांना दोनदा विचारलं, "भाऊ, हे लग्नाचीच पत्रिका आहे ना?"

बाबा म्हणाले, "आमचं देवक तलवार आहे. छाप."

आम्ही तळ्यावर मासे धरणारी माणसं. गावात बाकीच्यांचं देवक झाडपाल्याचं, आमचंच तेवढं तलवारीचं. आमचा कुणी खापरपणजोबा म्हणे गोंडराजाच्या घाटावर पहारा द्यायचा. बाबा जाळं विणताना ही गोष्ट सांगत आणि दर खेपेला शत्रू वाढत. तलवार माळ्यावर आहे, असंही सांगत. चढून पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

पत्रिका ऊर्जानगरला, सासरच्या क्वार्टरात पोचली आणि सासऱ्यांचा फोन आला. "व्याही, लग्नाले बोलावून राह्यले का लढाईले?"

"तलवार म्हंजे लढाई नाई, राखण," बाबा ऐटीत म्हणाले.

"मग देवकाच्या दिवशीच येतो. दर्शन तरी घेऊ."

फोन ठेवला आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. चारचौघांत हसं झालं तर पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतील, या धास्तीनं त्यांना जेवण जाईना. माळा उपसला. फाटकी जाळी निघाली, एक घंगाळ निघालं, विंचू निघाला. तलवार काही निघाली नाही.

देवकाच्या दिवशी सासू-सासरे मांडवात येऊन बसले. समोरचा पाट रिकामा. बाबा घामाघूम. तेव्हा आई चुलीजवळून उठली, जिच्यावर ती रोज मासे चिरायची ती पावशी, म्हणजे विळी, धुतली, पदरानं पुसली आणि पाटावर आणून ठेवली.

"हेच ते," आई म्हणाली. "तलवारीचं टोक तुटलं होतं, म्हून माह्या सासूनं लोहाराकडून पावशी करून घेतली. मले म्हणे, माणसाईले सांगू नको, त्याईच्या गोष्टी बंद पडतील."

सासरच्यांसमोर मासे चिरायची पावशी मांडली म्हणून मला आईचा असा राग आला की रडूच फुटलं. सासूबाईंनी पात्यावर हलकेच बोट फिरवलं. "धार आहे अजून," त्या म्हणाल्या. हळदकुंकू वाहून त्यांनी डोकं टेकवलं. मग सासऱ्यांनाही टेकवावंच लागलं.

घोटाळा पुढेच होता. देवक बसलं की लग्न लागेपर्यंत हलवता येत नाही, आणि मांडवात वांग्यांची पोती येऊन पडलेली. शेवटी तलवारीच्या घराण्याचा कर्ता पुरुष शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिला. "बाई, दोन दिवस पावशी द्या ना." सगळा मांडव हसला. बाबा सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न ठरलं. पत्रिका आली, तिच्यावर तलवारी नव्हत्या. त्या जागी लाकडाची फळी आणि वर वाकलेलं पातं, बाबांनी स्वतः काढून दिल्यासारखं वाकडंतिकडं. मी लगेच फोन लावला.

"बाबा, हे काऊन छापलं?"

"देवक आहे आपलं," ते म्हणाले. "आन् खाली वाच. यंदा तुह्या मायचं नाव पयले टाकलं."